आत्याच्या आवाजातले अप्पा

स्वतःच्या मालकीच्या यंत्रावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवता येणं हा माणसाच्या विचारस्वातंत्र्याचाच एक भाग आहे. हे वाक्य माझं आहे. शोळिंगनल्लूरच्या एका ऑफिसात, सहाव्या मजल्यावर, एका शुक्रवारी संध्याकाळी मी ते माइकवरून उच्चारलं. समोर सात माणसं होती. त्यातली दोन भज्यांसाठी थांबली होती आणि एक हॉलला कुलूप लावायला आलेली होती. माइकची तशी गरज नव्हती.

विषय होता आजच्या गेमिंग कन्सोलवर होमब्रूचं औचित्य. कन्सोल म्हणजे गेम खेळण्याचं यंत्र. त्यावर काय चालेल हे ते बनवणारी कंपनी ठरवते. कंपनीला न विचारता, यंत्रातली एखादी फट शोधून, घरी लिहिलेला प्रोग्राम आत सरकवणं याला होमब्रू म्हणतात. नाव ऐकून लोकांना हातभट्टी आठवते, आणि कंपन्याही साधारण त्याच नजरेने बघतात. भाषणानंतर तीन प्रश्न आले. तिन्ही प्रश्न एकच होते: यावर फुकट गेम चालतात का?

मला फुकट गेमशी काही घेणं नव्हतं. माझे वडील त्या यंत्रावर बोलत असत.

आमचं घराणं तंजावरकडचं. घरात आम्ही जे मराठी बोलतो ते महाराष्ट्रातून निघालं त्याला काही शतकं झाली, आणि वाटेत त्यात बरंच तमिळ मिसळलं. मी पुण्यात पाच वर्षं नोकरी केली. तिथे माझं बोलणं ऐकून रिक्षावाले विचारायचे, कुठून आलात. मी म्हणायचे, मराठीच आहे. ते सहानुभूतीने मान हलवायचे. लाजेपायी मी हे पुस्तकी मराठी शिकले. आमची भाषा कागदावर उतरवली की कोणीतरी ती दुरुस्त करून परत पाठवतं, म्हणून इथे घरातलं बोलणंही मी आधीच दुरुस्त करून लिहिते आहे; ‘सेरी’ म्हणजे बरं आणि ‘डी’ म्हणजे ग, एवढे दोन तमिळ शब्द तेवढे राहू दिलेत.

अप्पा जॉर्ज टाउनमधल्या एका जहाज-एजंटाकडे छत्तीस वर्षं हेडक्लार्क होते. ऑफिसात तमिळ, पत्रात इंग्रजी, आणि घरात पाऊल टाकलं की फक्त आमची भाषा. घरात तमिळ बोललेलं त्यांना चालत नसे. आई भाजीवालीशी बोलायची तीही दाराबाहेर उभी राहून. आई जाऊन आठ वर्षं झाली. त्यानंतर पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि ती भाषा बोलायला त्यांना मी आणि मला ते.

दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. पेपर वाचायचे, बातमी आवडली नाही तर पेपर ढकलून द्यायचे. पण जीभ आणि घसा ऐकत नव्हते. तोंडातून एकच आवाज निघायचा, ‘ब्ब’, आणि तो ऐकून ते स्वतःच दचकायचे.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक टॅबलेट आणला. त्यावर चित्रं होती. चित्राला बोट लावलं की एक बाई बातम्या द्याव्यात तशी तमिळमध्ये म्हणायची, मला तहान लागली आहे. अप्पांचा डावा हात थरथरायचा, त्यामुळे एका वेळी चार चित्रांना लागायचा, आणि ती बाई एका दमात सांगायची की मला तहान लागली आहे, मला शौचाला जायचं आहे, मी आनंदी आहे. अप्पा डोळे मिटून घ्यायचे. तहान लागलेली असली तरी.

‘दुसरी भाषा नाही का यात?’ मी विचारलं.

‘आहेत ना. हिंदी, तेलुगू, इंग्लिश. मराठीसुद्धा येणार आहे म्हणतात.’

‘कुठलं मराठी?’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘मराठीच,’ त्या म्हणाल्या.

डाव्या हाताच्या अंगठ्याला व्यायाम हवा, असं व्यायाम शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. हातात धरायचा माझा एक कन्सोल चार वर्षं कपाटात पडून होता. तो मी अप्पांना दिला. त्यात मासे पकडण्याचा एक गेम होता. जन्मभर शाकाहारी राहिलेला माणूस तास तास मासे पकडत बसायचा आणि प्रत्येक मासा परत पाण्यात सोडायचा. तीन आठवड्यांत अंगठा वळायला लागला. काचेवर थरथरणारा हात त्या छोट्या दांडीवर स्थिर राहायचा, कारण दांडी त्याला धरून ठेवायची.

तेव्हा मला सुचलं की माशांच्या जागी शब्द ठेवावेत.

मी आधी रीतसर कंपनीकडे अर्ज केला. हे मी मुद्दाम सांगते, कारण सभेत सांगितलं नव्हतं. रीतसर अर्ज करणारी बंडखोर ऐकायला बरी वाटत नाही. अर्जात विचारलं होतं, खेळ कोणत्या प्रकारचा. मी लिहिलं, खेळ नाही. अपेक्षित खेळाडू किती? एक. वयोगट? अठ्ठ्याहत्तर. भाषा या रकान्यात निवडायला तीसेक नावं होती, आमचं नव्हतं, म्हणून ‘इतर’. उत्तर लगेच आलं. तुमच्या उत्साहाबद्दल आभार, तूर्तास तुमचा प्रकल्प आमच्या धोरणात बसत नाही. उलट टपाली आलेला नकार मला फारसा लागला नाही. अर्ज कोणी वाचलाच नव्हता, त्यामुळे अपमानही कोणी केलेला नव्हता.

चार वर्षं कपाटात असल्यामुळे कन्सोलमध्ये जुनं सॉफ्टवेअर होतं, आणि जुन्यात एक फट होती. परदेशातल्या काही अनोळखी लोकांनी ती शोधून इंटरनेटवर मांडली होती. मी त्यांच्या चर्चेत गेले आणि काय करायचं आहे ते लिहिलं. बेडकाचं चित्र लावलेल्या एकाने उत्तर दिलं: होमब्रूचे दिवस गेले, हे कुठल्याही टॅबलेटवर होईल, बटणांची चौकट जोडा म्हणजे झालं. मी त्याला चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. त्यात स्वातंत्र्य हा शब्द तीनदा होता.

प्रोग्राम साधा होता. शब्दांचं एक चक्र, दांडीने फिरवायचं, बटण दाबलं की शब्द मोठ्याने ऐकू यायचा. अडचण आवाजाची होती. मी आमची भाषा बोलते, पण पुण्याने तिला पॉलिश मारलेलं आहे. ती अस्सल बोलणारी, हाताशी असलेली एकच व्यक्ती होती: अप्पांची थोरली बहीण, मैलापूरला राहणारी, गणिताची निवृत्त शिक्षिका. अप्पा तिच्याशी आठ वर्षं बोलले नव्हते. आईच्या तेराव्याला ती पंगतीत म्हणाली होती की रसम पातळ झालंय.

आत्या आली, माझ्या खोलीत बसली, माइककडे संशयाने बघितलं.

‘म्हण, पाणी दे.’

‘नुसतं पाणी दे? मी काय हॉटेलात बसलेय? थोडं पाणी दे ग, असं म्हणतात.’

‘सेरी, तसं म्हण. आता, दुखतंय.’

‘कुठे?’

‘कुठे ते नंतर बघू, आत्या.’

‘नंतर कसं? पोट दुखलं की माणूस वेगळं म्हणतो, गुडघा दुखला की वेगळं. तुला काय डी, सगळं एकच.’ आणि तिने तीन प्रकारचं दुखणं म्हणून दाखवलं, इतकं हुबेहूब की अप्पांना सांभाळणारी बाई स्वयंपाकघरातून धावत आली.

दोन दिवसांत दीडशेच्या आसपास शब्द झाले. काही मी मागितलेले, काही तिने स्वतःहून घातलेले. ‘तुला कोणी विचारलं?’ हे तिचं. ‘मीठ कमी आहे’ हेही तिचंच. मी म्हटलं, हे कशाला. ती म्हणाली, माझा भाऊ आहे, मला माहीत आहे त्याला काय लागेल.

अप्पांच्या हातात कन्सोल दिला तेव्हा आत्या पलंगाशेजारच्या खुर्चीत होती. तिने सांगायला सुरुवात केलेली होती: शेजारची सून, पाण्याची टाकी, देवळातला नवा गुरुजी कसा मंत्र गिळतो. अप्पा चक्र फिरवत होते. फार हळू. मला वाटलं पाणी मागतील. त्यांनी बटण दाबलं आणि खोलीत आत्याचाच आवाज मोठ्याने म्हणाला, ‘पुरे.’

आत्या थांबली. आठ वर्षांतला तो त्यांचा तिच्याशी पहिला शब्द होता.

‘माझ्याच आवाजात मला गप्प बसवतोस?’ ती म्हणाली.

अप्पांनी पुन्हा चक्र फिरवलं. ‘तुला कोणी विचारलं?’

ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग अप्पांनी शोधून, तिला, ‘थोडं पाणी दे ग’ म्हटलं, कारण ‘पाणी पी’ असा शब्द आम्ही घातलाच नव्हता. त्यानंतर ती दर रविवारी यायची. दोघांची भांडणं मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. दोन्ही बाजू एकाच आवाजात असल्यामुळे कोण जिंकतंय ते कळत नसे.

पाच महिने असे गेले. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला हा एकच प्रोग्राम असेल ज्याची कोणीतरी सकाळी उठून वाट बघायचं.

आता शुक्रवारच्या सभेकडे यायला हवं. त्या कन्सोलला मी कधी इंटरनेट लागू दिलं नव्हतं. इंटरनेट लागलं की तो स्वतःहून नवीन सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि फट बुजते, हे मला पक्कं माहीत होतं. नवे शब्द मी छोट्या मेमरी कार्डावरून घालायचे. पण सभेत कार्ड काढून घालण्यात काही प्रभाव पडला नसता. श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत लॅपटॉपवरून हवेतून शब्द पाठवावा आणि यंत्र बोलावं, हे जास्त चांगलं दिसणार होतं. म्हणून मी कन्सोल हॉलच्या वायफायला जोडला. माझ्याच नियमातून मी स्वतःला तीस मिनिटांची सूट दिली. मी स्वातंत्र्यावर बोलत होते तेवढ्या वेळात, माझ्या शेजारच्या टेबलावर, काही आवाज न करता, त्याने अपडेट उतरवून घेतलं. सात माणसांना प्रभावित करण्यासाठी मी हे केलं. एक कुलपाची वाट बघत होता हे आधी सांगितलंच आहे.

घरी येऊन मी कन्सोलचं वायफाय बंद केलं आणि निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन चालू होता. शनिवार असूनही, कारण परदेशात आमचं एक अपडेट अडकलं होतं. माझी नोकरी हीच आहे: लोकांच्या घरातल्या टीव्हीच्या डब्यांना अपडेट पाठवणं आणि ती त्यांना घ्यायला लावणं. ‘आता’ हे बटण आम्ही निळं, मोठं, अंगठ्याखाली येईल असं ठेवतो. ‘नंतर’ बारीक आणि राखाडी असतं. ‘कधीच नको’ असं बटण नसतं. ही रचना करणाऱ्या चमूला एक काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. ते माझ्या टेबलावर आहे. तर कानाशी एक फोन धरून, अपडेट न घेणाऱ्या लोकांबद्दल वैतागून बोलत, मी दुसऱ्या हाताने अप्पांचा कन्सोल उचलला, चार्जिंगला लावायला. पडदा उजळला: उतरवलेलं अपडेट बसवू का? निळं बटण अंगठ्याखालीच होतं.

दाबल्यावर अर्ध्या सेकंदात कळलं. पण तिथेही मागे फिरायचं बटण नव्हतं. ते आम्हीही ठेवत नाही. बंद करून बघितलं. अपडेट पुढे चालू राहिलं. हे चांगल्या रचनेचं लक्षण आहे, मी स्वतः तसं शिकवते.

अप्पांच्या हातात तो परत दिला. माझ्या मनात काय होतं कोण जाणे; कदाचित चालेल, असं. त्यांनी दांडी फिरवली. चक्र नव्हतं. मासे पकडण्याच्या गेमचं चित्र होतं. त्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग माझ्याकडे बघितलं. मग कन्सोल कानाशी धरून हलवला, बंद पडलेल्या घड्याळासारखा.

‘अप्पा, माझी चूक झाली,’ मी म्हटलं.

‘ब्ब,’ ते म्हणाले. पाच महिन्यांनी.

इंटरनेटवरच्या लोकांनी सांगितलं की मागे जाता येत नाही. अपडेट होताना आतल्या चिपमध्ये एक बारीक फ्यूज जाळला जातो, तो पुन्हा जोडता येत नाही. बेडकाने काहीच लिहिलं नाही, आणि ते मला जास्त झोंबलं. उपाय एकच होता: त्याच मॉडेलचा, अपडेट न झालेला जुना कन्सोल शोधणं. मी माउंट रोडच्या मागच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात गेले. चौथ्या दुकानात तीन जुने कन्सोल निघाले, माझ्या मॉडेलचे.

‘हे अपडेट नाहीत ना केलेले?’ मी तमिळमध्ये विचारलं.

दुकानदार दुखावला. ‘काय मॅडम, मी तसा माल ठेवेन का? तिन्ही काल रात्री बसून स्वतः अपडेट केले. एकदम लेटेस्ट.’ मी हातातला कन्सोल काउंटरवर ठेवलेला बघून त्याला वाटलं माझा विश्वास नाही, म्हणून त्याने एकेक चालू करून दाखवला.

मग मी ते केलं जे बेडकाने सुरुवातीलाच सांगितलं होतं. टॅबलेट घेतला, दोन्ही बाजूंना बटणांची आणि दांडीची चौकट जोडली, आत्याचे सगळे शब्द लॅपटॉपवर होतेच, ते घातले. नऊ दिवस लागले, त्यातले दोन कुरियरचे. तो कन्सोलपेक्षा बरा चालत होता. अक्षरं मोठी होती, आवाज स्वच्छ होता. कोणाची परवानगी लागली नाही, कुठली फट लागली नाही. सहाव्या मजल्यावर मी जे जे म्हणाले होते त्यातल्या कशाचीच गरज नव्हती. मला यंत्रात शिरायचं होतं म्हणून मी शिरले होते, आणि अप्पांची वाचा त्या हौसेच्या टोकाला बांधून ठेवली होती.

टॅबलेट मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी काचेकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

‘अप्पा, ती तमिळ बाई नाही. ही आत्या आहे. बघा.’ मी बटण दाबलं. आत्याचा आवाज म्हणाला, ‘मीठ कमी आहे.’ त्यांनी डोळे उघडले नाहीत.

रविवारी आत्या आली. तिने टॅबलेट त्यांच्या छातीशी धरला.

‘बोल की रे. दीडशे शब्द आहेत, घसा सुकवून म्हटलेत मी. एक तरी वापर.’

अप्पांनी दांडीला बोटही लावलं नाही.

‘बरं, मला गप्प बसव. मी बडबडते आणि तू गप्प बसव.’ आणि ती खरोखरच बडबडायला लागली, शेजारची सून, टाकी, गुरुजी, सगळं पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. अप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ती बराच वेळ बोलत राहिली. शेवटी तिचं तिलाच थांबावं लागलं. जाताना चपला घालत मला म्हणाली, ‘तू काय डी केलंस हे,’ आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली. तिचे गुडघे दुखतात. तिसऱ्या प्रकारचं दुखणं.

आता अप्पा नजरेने सांगतात. दार, खिडकी, पेला. सांभाळणारी बाई तमिळमध्ये विचारते आणि ते मान हलवतात. घरात तमिळ चालतं. टॅबलेट रोज चार्ज करून मी पलंगाशेजारी ठेवते. तीन महिने होत आले.

जुन्या प्रोग्रामला मी एक सोय ठेवली होती, कुठला शब्द कधी दाबला याची नोंद मेमरी कार्डावर करण्याची. कोणते शब्द लागतात ते कळावं म्हणून. ती यादी मी कधी उघडली नव्हती. गेल्या आठवड्यात उघडली. कन्सोल गेला तरी कार्ड शाबूत होतं. खाली खाली जात मी काय शोधत होते ते मला माहीत होतं. चक्रात मी एक शब्द माझ्यासाठी घातला होता, ‘बरं केलंस’. तो पाच महिन्यांत एकदाही दाबलेला नव्हता.

मग मी शेवटची नोंद बघितली. त्या शनिवारची, सकाळी सात चाळीसची. मी तेव्हा बाल्कनीत होते, फोनवर, आणि मला ऐकू आलं नव्हतं. अप्पांनी शेवटचं म्हटलेलं वाक्य होतं, ‘पंखा कमी कर ग.’ ते त्यांनी लागोपाठ चार वेळा म्हटलं होतं.

तो पंखा कमी होत नाही. रेग्युलेटर पोंगलपासून बिघडलेला आहे.